पडदा अर्जदाराकडे वळवा

रामनगरात जमिनीचा किंवा घराचा कागद करायचा म्हटला की आता संगणकाशिवाय पान हलत नाही. शेताची पहाणी (उतारा) कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ प्रणालीतून, पंचायत हद्दीतल्या घराचा नमुना ९ आणि ११ ‘ई-स्वत्तू’तून, खरेदीखत ‘कावेरी’तून. दस्ताचा मसुदा आधी ऑनलाईन चढवायचा, उपनिबंधकांनी तो तपासला की फी भरायची आणि मग ठरल्या वेळी फोटो-अंगठ्यासाठी कचेरीत जायचे. हेलपाटे वाचतात, ही सोय मला मोलाचीच वाटते.

पण सुपा धरणात गाव गेल्यावर इथे वसलेल्या कितीतरी घरांतली थोरली माणसे मराठी वाचतात, कन्नड वाचत नाहीत. त्यांचा अर्ज सायबरवाला भरतो. मोबाईल नंबर पुष्कळदा त्याचाच, म्हणजे ओटीपीही त्याच्याकडेच. नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा काय टाइप झाला हे कळते ते उतारा हातात पडल्यावर. मग दुरुस्तीच्या फेऱ्या सुरू.

‘भूमी’ आली तेव्हा तालुक्याच्या केंद्रात दोन पडदे असत. एक कारकुनापुढे, दुसरा शेतकऱ्याकडे वळवलेला. पंचवीस वर्षांपूर्वी जे सुचले होते, ते आज प्रत्येक सेवा केंद्राला सक्तीचे करावे. भरलेला अर्ज छापून, अर्जदाराला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नये.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६ इलेक्ट्रॉनिक अर्जाला मान्यता देते. पण ‘माझा अर्ज ऑनलाईनच घ्या’ असा हक्क नागरिकाला नाही, हे कलम ९ स्पष्ट सांगते. सरकारवर जी सक्ती नाही, ती कागद घेऊन आलेल्या म्हातारीवर का? ‘ऑनलाईन करून आणा’ म्हणून तिला खिडकीवरून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

आपणही गप्प बसू नये. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. उताऱ्यातल्या चुकीची तक्रार मराठीत, हाताने लिहून द्या. काम ‘सकाल’ या ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कायद्यात येत असेल तर पोचक्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मुदत टळली तर २०११ च्या या कायद्यात दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. आणि अर्जावर नंबर घरातल्याच कुणाचा तरी घाला.