परिचारिकेचे निदान

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘मधुमेह’ असे लिहिले की रोगाचे नाव निश्चित होते. परंतु त्या रोगासह संसार रेटणाऱ्या माणसास नित्य कोणती अडचण पडते आणि पुढे कोणता धोका संभवतो, हे पारखून लिहिणे हे परिचारिकेचे स्वतंत्र निदान होय. ज्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले आणि जेथून परिचारिकांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, त्या मिरजेच्या सांगली-सातारा मुलुखात तरी हे निदान विद्यार्थिनींच्या वहीपुरते उरू नये.

तूर्त ‘रक्तातील साखर अस्थिर होण्याचा धोका’, ‘आजाराविषयी अपुरे ज्ञान’ ही ठराविक वाक्ये पुस्तकातून वहीत आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत बिनबोभाट उतरतात, मग खाटेवरचा रुग्ण कोणी का असेना. वाळवा तालुक्यातील ऊसतोडीच्या मजुरास, ज्याच्या अंगठ्याला संवेदना तपासण्याच्या दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूचा स्पर्शही कळत नाही, उसाचा बुडखा तळव्यात रुतल्याचे ध्यानात येते ते संध्याकाळी चप्पल रक्ताने चिकटल्यावर; त्याच्या कागदावर ‘संवेदना मंदावल्याने पायास इजा होण्याचा धोका’ असे लिहिले, तरच रोज रात्री तळवे तपासणे, बंद बूट वापरणे हा उपाय ओघाने येतो. फलटणकडील माळकरी आजींची गोष्ट आणखी निराळी. एकादशीला निराहार राहून इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतल्याने ज्यांची साखर 70 च्या खाली उतरते, त्यांच्या नावापुढे ‘अपुरे ज्ञान’ असा शेरा मारणे हे निदान नव्हे, उर्मटपणा होय. आजींना सारे ठाऊक असते, व्रत मोडायचे नसते एवढेच. तेथे उपवासाचा धोका स्पष्ट नोंदवावा आणि त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आगाऊ ठरवून घ्यावी. तसेच मिलिलिटरला 40 युनिटच्या कुपीतील इन्सुलिन 100 युनिटच्या सिरिंजने, तिच्यावरील आकडे पाहून भरणाऱ्यास निम्म्याहून कमी औषध मिळते. त्याच्या वाढत्या साखरेचे मूळ सिरिंजमध्ये आहे, हे त्याला ती हाताळताना पाहणाऱ्या सिस्टरलाच प्रथम उमगते.

सबंध वॉर्डाचा भार एकटीवर असताना ही जादा कारकुनी कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. परंतु नकललेल्या दोन पानांपेक्षा त्या रुग्णाच्या दोन खऱ्या ओळींना वेळ कमीच लागतो. सातारा व सांगली येथील शासकीय रुग्णालयांच्या व्यवस्थापनाने डिस्चार्ज कार्डावर परिचारिकेच्या निदानाचा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि त्याखाली तिची सही घ्यावी.