कुणी खोदला हा तलाव?

रायपूरला लागूनच उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. नव्याने आलेला मराठी पाहुणा हे नाव ऐकतो आणि हमखास विचारतो, "उरला? म्हणजे काय उरलंय तिथं?" स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल्स, वाळत घातलेल्या धोतरावर बसणारी काजळी. आणि हो, अधूनमधून एखादा तलाव.

आता जरा लांब जाऊ या. कॅनडाच्या वायव्येला ग्रेट बेअर नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. आठ गोवे मावतील एवढं मोठं, खोली ४०० मीटरच्या वर. आर्क्टिक वृत्त त्याच्यावरूनच जातं, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने वर बर्फाची लादी. काठावर गाव एकच, डेलिने, वस्ती जेमतेम पाच-सहाशेची. हा एवढा खड्डा कुणी खोदला? हिमनद्यांनी. हजारो वर्षं बर्फ खडक खरवडत राहिला, पुढे तो वितळला आणि खळग्यात पाणी साठलं. इतक्या आडबाजूचं पाणीसुद्धा माणसाने सोडलं नाही. १९३० साली पूर्व काठावर खनिज सापडलं, १९४२ पासून तिथलं युरेनियम अमेरिकेच्या अणुबॉम्बसाठी गेलं. त्याची पोती पाठीवर वाहिली ती तिथल्या डेने आदिवासींनी.

आपल्याकडे हिमनदी कुठली! छत्तीसगडच्या मैदानात खाली चुनखडीचा खडक, वर कुठे कन्हार, कुठे मटासी माती. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत संपणारा. भाताला तर पाणी हवंच. म्हणून इथे कुदळ-घमेलं घेऊन माणसांनी तलाव खोदले. गावात 'छै आगर छै कोरी', म्हणजे १२६ तलाव असावेत, अशी इथली म्हण. आंघोळीचा निराळा, गुरांचा निराळा. आणि तलावाचं चक्क लग्न लावायचे! मधोमध लाकडी खांब रोवायचा तो त्याचसाठी.

भंडारा-गोंदियाच्या वाचकांना हे घरचंच वाटेल. तिथले मालगुजारी तलाव आणि इकडचे तलाव एकाच जुन्या मध्य प्रांतातले. मालगुजार गाळ काढून घेई, पाळ दुरुस्त ठेवी. (तो काही धर्मात्मा नव्हता, शेतसारा त्याला हवा होता.) १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे आले आणि सर्वांचा म्हणजे कुणाचाच नाही, अशी त्यांची गत झाली.

रायपुरात तर तलाव बुजवून जमीन काढली. रजबंधा मैदान हे नावच पाहा. इकडे बंधा म्हणजे तलाव. तेलीबांधा मात्र वाचला. त्याला आता लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि संध्याकाळी काठावर आइस्क्रीम खायला जातात. खाल्लं तर बिघडत नाही, पाणी तरी राहिलं. काळजी वाटते ती वसाहतींच्या आसपासच्या छोट्या तलावांची. त्यांच्याकडे कुणी फिरायला जात नाही, त्यामुळे राख आणि मलबा टाकताना कुणी पाहतही नाही.

गाळ काढायचा तर तो एप्रिल-मेमध्येच, तळ उघडा पडतो तेव्हा. जूनच्या मध्यावर इकडे पाऊस पोचतो आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात लावता येत नाही.