वाऱ्याची जात

भाचा पंधरा वर्षांचा. मलकापुरात हायवेच्या कडेला झोपडी. हातपाय काड्या, पोट पुढं. गोदीतून रजेवर गेलो तेव्हा त्याला डॉक्टरकडं नेला. साहेब म्हणाले, वडापाव सोड, रोज पळ. पळावं कुठं? मुंबई-नागपूर ट्रकांच्या धुरात?

वडापाव निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण दोस्तहो, ऐका. दक्षिण कॅलिफोर्नियात दहा वर्षांच्या पोरांवर अठराव्या वर्षापर्यंत नजर ठेवली. घराभोवती वाहतूक जास्त, तिथं पोरं अठराव्या वर्षी जास्त जाड. २०१०ला छापून आलंय. मग लॉस एंजेलिसची लॅटिनो पोरं, म्हणजे तिथले आपलेच. २०१७चा अभ्यास सांगतो, जास्त धुरात वाढलेल्यांच्या अंगात इन्सुलिनचा जोर लवकर ओसरला. बारीक धूळ फुफ्फुसात रुतते, अंग आतून सुजतं, इन्सुलिनला दाद देत नाही, साखर रक्तातच साचते. पोराचा आळस यात कुठं आला?

जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून म्हणते, घनमीटर हवेत बारीक धूळ वर्षाच्या सरासरीनं ५ मायक्रोग्रॅमवर नको. आपलं सरकार ४० चालवून घेतं.

आमच्या गावचा महारवाडा, आताचं भीमनगर, पूर्वेला. वारा पश्चिमेचा. गावावरून आमच्यावर यायचा. आमच्यावरचा गावाला शिवायचा नाही. असा हिशोब. बहीण ते गाव सोडून शहरात आली, तर जागा मिळाली धुराच्या तोंडाशी. वर घरात पऱ्हाटीची चूल. गॅसची टाकी कोपऱ्यात, रिकामी.

डॉक्टरनं कागदावर कारण लिहिलं, अतिखाणं. मी म्हणालो, तिथं पत्ता लिहा. साहेब हसले, पुढचा पेशंट बोलावला.