उपवासाचा जमाखर्च

पोट रिकामे राहणे आणि उपवास घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अन्न न मिळाल्याने जो उपाशी राहतो, त्याचे ते दुर्दैव. समजून-उमजून जो घास दूर ठेवतो, त्याचे ते तप. परंतु दूर ठेवलेल्या त्या घासाचे पुढे काय होते? ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते व्यापारी कुटुंबांनी मनन करावे असे आहे.

ख्रिस्ती धर्मातील मुख्य उपवासकाळ म्हणजे ईस्टरपूर्वीचा लेंट. येशू ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे ते स्मरण होय. कॅथलिक पंथात राखेच्या बुधवारी राख धारण करून त्याचा आरंभ होतो. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यांतील ६ रविवार आनंदाचे म्हणून वगळले की ४० उरतात. आजच्या नियमानुसार उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी असते. त्या दिवशी एकच पूर्ण भोजन आणि दोन वेळा अल्पाहार घेता येतो. इथिओपियातील प्राचीन ऑर्थोडॉक्स पंथाचे नियम याहून पुष्कळ कठोर आहेत. तेथील गृहस्थही वर्षातील सुमारे १८० दिवस मांस, अंडी, दूध आणि लोणी वर्ज्य करतात.

मात्र ही झाली बाह्य चौकट. तिचा गाभा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये रचल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आढळतो. उपवासाच्या दिवशी केवळ भाकरी व पाणी घ्यावे, एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवा, अनाथ किंवा गरजू व्यक्तीला द्यावी, असे हा ग्रंथ सांगतो. त्याच शतकातील अथेन्सचा तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टायडीस याने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिले, की ख्रिस्ती लोकांपाशी भुकेल्याला देण्याजोगे अन्न शिल्लक नसेल, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपवास करून त्याची गरज भागवतात. म्हणजे वाचलेला घास हा उपवास करणाऱ्याचा नफा नव्हे. ती दुसऱ्याची ठेव आहे. ती परत केल्याखेरीज उपवासाचे खाते पूर्ण होत नाही.

ख्रिस्ती आणि यहुदी या दोन्ही धर्मांना पूज्य असलेला संदेष्टा यशया तर पेढीच्या उंबरठ्यावरच येऊन उभा राहतो. उपवासाच्या दिवशीही स्वतःचाच स्वार्थ साधणाऱ्यांना आणि कामकऱ्यांना पिळून काढणाऱ्यांना तो खडसावतो. अन्यायाची बंधने सोडवणे, भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे हाच ईश्वराला मान्य असलेला उपवास, असे त्याचे प्रतिपादन आहे. मालकाने अन्न वर्ज्य केले; पण त्याच दिवशी नोकराचा पगार अडवला किंवा नाडलेल्या ऋणकोला अधिक नाडले, तर उपाशी कोण राहिले?

येशूने पर्वतावरील प्रवचनात आणखी एक पथ्य सांगितले. उपवास करताना चेहरा म्लान करू नये. तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे आणि आपले व्रत केवळ ईश्वराला कळू द्यावे. लोकांकडून मिळणाऱ्या वाहवेत त्या व्रताचे मोल वसूल होऊन जाते, असा याचा भावार्थ. जैन समाजात तपस्वीची अनुमोदना पुण्यकारक मानली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि अनुमोदना करणे हे इतरांचे कर्तव्य. तिची अपेक्षा ठेवणे हे तपस्वीचे काम नव्हे.

अनशन आणि ऊनोदरी यांचे संस्कार ज्या घरांत बालपणापासून होतात, त्यांना भूक सहन करण्याचे धडे अन्यत्र घेण्याची गरज नाही. मात्र पारण्याच्या दिवशी वहीत एक ओळ अवश्य लिहावी: सोडलेल्या अन्नाची किंमत किती, आणि ती कोणाच्या मुखी पोहोचली? ही ओळ ज्या वहीत सापडेल, तेथे तपाला करुणेची जोड मिळाली असे समजावे.