होडी दुरुस्त करायला कॉलम नाही

गेल्या आठवड्यात माझ्या आतेभावाची होडी पुन्हा पाण्यात गेली. बावीस फुटी, 1994 साली त्याच्या वडिलांनी बांधून घेतलेली. नारळ वाढवला, पोरांनी फोटो काढले, मी पण काढला. तो फोटो परवा टाकला तर शहरातल्या मित्रांच्या कमेंट आल्या, "अरेरे, लाकडी होडीला प्लास्टिक चढवलं? परंपरा संपली." त्यांच्यासाठी आणि खरं म्हणजे ज्यांच्या हातात योजनांची पेनं आहेत त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे. वेळ असेल तरच वाचा.

आधी 2021 पासून सांगावं लागेल. तौक्ते वादळ त्या मे महिन्यात किनाऱ्यावरून गेलं तेव्हा देवबाग, तळाशील, सर्जेकोट, सगळीकडे होड्या एकमेकांवर आपटल्या. दादाच्या होडीच्या दोन फळ्या फुटल्या. पंचनामा झाला. जे पैसे आले त्यात रेझिनचे डबेसुद्धा पुरे येईनात. त्यात बंदीचे दोन महिने, 1 जून ते 31 जुलै. मासेमारी बंद म्हणजे होडी वर ओढलेली, म्हणजे दुरुस्तीला वेळच वेळ. सगळा किनारा असाच विचार करतो. दादाने फुटलेल्या जागी फळीचे तुकडे ठोकले आणि बाहेरून सगळ्या होडीवर फायबरचे दोन थर चढवून घेतले. भर पावसात, वर ताडपत्री बांधून.

होडी दिसायला नवरीसारखी झाली. ऑगस्टमध्ये सगळे खूश.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, जी आम्हाला तेव्हा कोणी सांगितली नाही. आपल्याकडच्या जुन्या होडीचं लाकूड म्हणजे नुसतं लाकूड नसतं. पंचवीस-तीस वर्षं त्याला माशाचं तेल पाजलेलं असतं, खाली डांबर फासलेलं असतं. तेलकट आणि ओल्या लाकडाला पॉलिस्टर रेझिन धरत नाही. वरून चिकटल्यासारखं वाटतं, पण ते आत धरलेलं नसतं. त्यात कोकणातला जून-जुलै, हवेतच पाणी. काचेची मॅट दमट होते, रेझिन दुधाळ पडतं, काही ठिकाणी आठ दिवस चिकटच राहतं. वाईट म्हणजे लाकडातली ओल आत कोंडली जाते. उघडं लाकूड भिजतं आणि वाळतं. फायबरखालचं लाकूड भिजतं आणि कुजतं.

2024 च्या ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडावर एक लाट मागून होडीत शिरली. इंजिन जिला लावलेलं असतं ती मागची फळी इंजिनासकट निखळली. होडीत दादा आणि त्याचा मेहुणा. होडी पाण्याने भरली, मागून खाली गेली. पाऊण तास दोघं दोन रिकाम्या कॅनना धरून होते. दुसऱ्या होडीवाल्याने बघितलं म्हणून ही पोस्ट होडीवर आहे, नाहीतर माझ्या हातून वेगळी बातमी लिहिली गेली असती. घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाला, "इंजिन गेला तर गेला, आमी वाचलव ह्याच खूप." होडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली. मागच्या बाजूच्या फायबरला बोट घातलं तर बोट आत गेलं. "भायरसून नवी दिसता, भितुर पीठ झाला हा."

कुणी म्हणेल, मग नवीन बोट घ्यायची ना. योजना आहे की. आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 पासून आहे, 20 हजार कोटींच्या वरची. तिच्यात पारंपरिक मच्छीमारांना जुनी बोट बदलून नवी घ्यायला आणि जाळ्यांना मदत आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला 60 टक्के. चांगली गोष्ट आहे, मी टिंगल करत नाही. पण उरलेले 60 टक्के आणायचे कुठून? ज्याचं इंजिन नुकतंच समुद्रात गेलंय, ज्याची आधीची उधारी बर्फवाल्याकडे आणि पेट्रोलवाल्याकडे आहे, तो पैसे उभे कसे करणार? करतो, पण व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. आणि मग पुढची पाच वर्षं मासळी त्याच व्यापाऱ्याच्या दराने द्यायची.

दादाला लाखांची नवी बोट नकोच होती. त्याला आहे ती होडी नीट करायची होती. मी त्याच्याबरोबर एका कार्यालयात गेलो. (कुठल्या ते विचारू नका, तिथला माणूस चांगला होता, त्याने चहा पण पाजला.) त्याने यादी काढली, बोटाने खाली-खाली गेला आणि म्हणाला, "नवीन नौकेला आहे. मोठ्या नौकांच्या सुधारणेला पण आहे. लहान होडीच्या दुरुस्तीला कॉलमच नाही हो."

दुरुस्तीचा कॉलम एकाच ठिकाणी आहे, आपत्तीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 ते 2026 चे केंद्राचे निकष काढून बघा. अंशतः नुकसान झालेल्या बोटीच्या दुरुस्तीला 6 हजार रुपये. पूर्ण नष्ट झाली तर 15 हजार. राज्य सरकार कधीकधी वरून भर घालतं, ते ठीक. पण 6 हजारांत आज नीट काम करायचं तर रेझिन आणि मॅट धरून होडीची एक बाजूसुद्धा होत नाही. म्हणजे सरकारच्या हिशेबात होडी एकतर नवी असते किंवा वादळात फुटलेली. मधली तीस वर्षं ती हळूहळू झिजते हे कुठे लिहिलेलंच नाही.

तर यंदा आम्ही ती परत बांधली. "आम्ही" म्हणजे दादा, एक म्हातारे सुतार, एक फायबरचं काम करणारा पोरगा आणि सुट्टीच्या दिवशी हातात पॉलिश पेपर घेऊन मी.

एप्रिलच्या सुरुवातीला होडी उलटी घालून वर झावळ्यांचा मांडव केला. जुनं फायबर सोललं, ते हातानेच सुटत होतं. कुजलेल्या फळ्या काढल्या, तीन वांक बदलले. मग लाकूड रंध्याने कोऱ्यापर्यंत तासलं आणि महिनाभर नुसतं वाळत ठेवलं. हा महिना सगळ्यात अवघड. काहीच होत नाही आणि येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, होडी सोडलंस की काय?" कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडावर आधी रसायनाची प्रक्रिया करून मग वरून फायबर चढवलेल्या होड्या केरळात केल्या आहेत. म्हणजे लाकूड आणि फायबर यांचं जमतं. पण आधी लाकूड तयार व्हावं लागतं. हे ज्ञान सरकारी संस्थेकडे आहे. आमच्या किनाऱ्यापर्यंत मात्र ते पोचलं ते त्या पोराच्या मोबाइलवरून.

मग फोम. आधी पैसे वाचवायला म्हणून मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यांचे तुकडे वांकांच्या मध्ये भरले आणि वरून रेझिन ओतलं. चहात साखर विरघळावी तसा थर्माकोल आमच्या डोळ्यांसमोर विरघळला. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोलला खातं. हजार-दीड हजारांचं रेझिन गेलं. त्या पोराला हे माहीत होतं, पण तो त्या दिवशी लग्नाला गेला होता. असो.

शेवटी तळाच्या फळ्यांखाली दोन द्रवांचा पीयू फोम थोडा थोडा करून ओतला. एकदम ओतला तर तो आतून तापतो आणि फुगून फळी उचलतो. तळाशी पाणी वाहून जायला वाट ठेवली. वरचा तळ फोमच्या शीटचा केला, दोन्ही बाजूंना मॅट आणि रोविंग. मध्ये फोम आणि दोन्ही अंगाला फायबर असलं की वजन वाढत नाही आणि ताठपणा येतो. इंजिनाच्या फळीत मात्र फोम घातला नाही, तिथे मरीन प्लाय. इंजिनाचे स्क्रू आवळले की फोम दबतो.

फोम किती? साधारण 300 लिटर, म्हणजे दीड ड्रम. ज्यांना गणित आवडतं त्यांच्यासाठी: 300 लिटर फोम पाण्याखाली गेला तर स्वतःचं वजन वजा जाता पावणेतीनशे किलोच्या वर भार उचलून धरतो. इंजिन, बर्फ, जाळं आणि पाण्याने भरलेली होडी घेऊन दोन माणसं तरंगत राहतील एवढा. गेल्या ऑगस्टमध्ये तो दीड ड्रम असता तर त्या दोघांना कॅन धरावे लागले नसते. सगळं मिळून खर्च 80 हजारांच्या आसपास, त्यात सुताराने निम्मी मजुरी घेतली नाही. इंजिन वेगळं, जुनं घेतलं.

आणि तरी पावसाने गाठलंच. 2025 चा मे आठवतोय ना? 20 तारखेपासूनच झोडपायला लागला आणि 25 तारखेला मॉन्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. बाहेरचे थर झाले होते, आतले राहिले होते. झावळ्यांचा मांडव गळायला लागला. ताडपत्रीखाली दोन थर टाकले, एका बाजूचं रेझिन पांढरं पडलं. ते ग्राइंडरने घासून काढून परत करावं लागलं. पोरगा तोंडाला रुमाल बांधून घासत होता, ती काचेची धूळ हातावर बसली की दोन दिवस खाज जात नाही. छातीत जाते तिचं काय होतं ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. हार्डनर मोजायला त्याच्याकडे बाटलीचं झाकण आहे. तो हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. कोबाल्टमध्ये थेट ओतला तर स्फोट होतो. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. पोरगा नववी शिकलाय आणि पंचक्रोशीतल्या होड्या त्याच्या हातावर तरंगतात.

आता माझा मुद्दा. जेटीला कोटी मिळतात. सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे सगळ्याला मिळतं. मग प्रत्येक मोठ्या बंदरावर पत्र्याची एक उंच शेड का मिळत नाही? चार होड्या बाजूबाजूला राहतील एवढी, खाली सिमेंटचा कोबा, एक विजेचं कनेक्शन. होड्या वर असतात ते दोन महिने नेमके पावसाचे. ते बदलणार नाही, बदलूही नये, माशांनाही प्रजननाला वेळ हवा. मग निदान डोक्यावर कोरडं छप्पर द्या. दुसरं, फायबरचं काम करणाऱ्या पोरांना आयटीआयमध्ये पंधरा दिवसांचा मराठीतला वर्ग आणि एक चांगला मास्क द्या. आणि दुरुस्तीला अनुदान द्या, भले नव्या बोटीच्या एक चतुर्थांश द्या.

यावर एक अधिकारी मित्र म्हणाला, दुरुस्तीला अनुदान दिलं की खोटी बिलं येतील. येतील ना. मग पैसे रोख देऊ नका, मच्छीमार सोसायटीमार्फत थेट माल द्या. आधीचा फोटो, सोललेल्या लाकडाचा फोटो, फोम ओतल्याचा फोटो घ्या. प्रत्येक होडीला नोंदणी क्रमांक आहेच. खोटं करणाऱ्याला होडी सोलून दाखवावी लागेल, एवढी मेहनत तो करणार नाही.

दुसरा म्हणाला, समुद्रात मासळीच नाही तर होड्या कशाला जगवता? याला मात्र मला राग येतो. दुरुस्तीने समुद्रात एकही होडी वाढत नाही. 2004 च्या सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून एवढ्या नव्या फायबर बोटी वाटल्या गेल्या की काही ठिकाणी आधीपेक्षा बोटी जास्त झाल्या. नवं वाटलं की असं होतं. आणि मासळी कोणी संपवली त्याची चर्चा करायची तर पर्ससीनचा 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश आणि एलईडी दिव्यांची मासेमारी काढूया, बावीस फुटी होडी नको.

परंपरेवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच: सागाच्या फळीचा आजचा भाव विचारा आणि होडी बांधता येणारा सुतार शोधून दाखवा. आमच्या सुतारांचा मुलगा गोव्यात बंगल्यांचे दरवाजे करतो. जुनी लाकडी होडी मोडली की चुलीत जायची. आता बंदरामागे जाऊन बघा, फुटलेल्या फायबर बोटींची कवचं पडलीत, ती कुजत नाहीत, कोणी नेत नाही, कोणी पेटवली तर तो धूर नाकाला कळतो. नवी बोट दिली की काही वर्षांनी असं एक कवच तिथे येणार. त्याचाही कॉलम नाही. दादाच्या होडीला मी म्हटलं होतं, मोडून टाकूया. तो म्हणाला, "होडी मोडूची म्हटला की हात उचलना नाय."

2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, मी बातमी पण लावली. आता त्या दर्जाचे नियम लिहिले जातील, तेव्हाच या गोष्टी त्यात घालायच्या. नंतर सुधारित परिपत्रकाची वाट बघण्यात दहा वर्षं जातात, हे आपल्याला पाठ आहे.

येत्या पहिल्या सोमवारी ओरोसला जिल्हा लोकशाही दिन आहे. शेड, वर्ग आणि दुरुस्तीचा कॉलम, असा तीन मुद्द्यांचा अर्ज लिहिला आहे. तालुक्यातल्या दोन सोसायट्यांची सही झाली, तिसरीचे चेअरमन उद्या देतो म्हणालेत. ज्यांच्या होडीचं फायबर असंच सुटलंय त्यांनी तिचा फोटो मला पाठवा, अर्जाला जोडायचा आहे. फोटो उन्हात काढा आणि नोंदणी क्रमांक दिसू द्या.