टपालघराच्या किल्ल्या कोणाकडे?

१८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांचा नवा हप्ता जाहीर केला आणि त्यात नायरा एनर्जी या भारतात नोंदलेल्या तेल कंपनीचे नाव घातले. कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला आहे आणि भागभांडवलात रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा ४९ टक्क्यांहून किंचित अधिक आहे. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने नायराच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल सेवा बंद केली. भारत सरकारने हे एकतर्फी निर्बंध मानलेले नव्हते. सेवेचे पैसे भरलेले आहेत, असे नायराचे म्हणणे होते. तरीही कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

नायराबद्दल कोणी अश्रू ढाळावेत असे नाही. मोठ्या भांडवलाचे आपसांतील भांडण म्हणून हे प्रकरण विसरता आले असते. परंतु वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या, वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीचे टपाल जर परदेशातील एका निर्णयाने थांबू शकते, तर एखाद्या तालुक्यातील अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचे, ग्रंथालयाचे किंवा पतपेढीचे टपाल कोणाच्या मर्जीवर चालले आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. संघटनेची सभासद-यादी, संपाच्या आधीची चर्चा, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार हे सर्व आज बहुतेक ठिकाणी दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या कोठारात ठेवलेले असते. सेवा फुकट मिळते म्हणून कोणी हिशेब विचारीत नाही. अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही सांगेल की, फुकट वस्तूची किंमत कोणीतरी, कोठेतरी मोजीतच असते.

या प्रश्नातील पहिली आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, ई-मेल ही कोणाच्याही मालकीची वस्तू नाही. एका संगणकाने दुसऱ्याच्या हाती पत्र कसे द्यावे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून सर्वांसाठी खुले केले. पुढे त्यांत सुधारणा झाल्या, परंतु मूळ बांधणी आजही तीच आहे. हे नियम पाळणारा कोणीही स्वतःचे टपालघर उघडू शकतो. त्याला परवाना लागत नाही की स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनाचा मालक एकच असतो. ई-मेलचे तसे नाही, आणि म्हणूनच ते सार्वजनिक रस्त्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, टपालघर चालविण्याची हत्यारेही सार्वजनिक कष्टांतून घडली आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक चालविणारी प्रणाली रचण्यास आरंभ केला. त्यांची मालक कंपनी एटी अँड टी ही टेलिफोनची मक्तेदार होती. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाच्या व्यापारात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना स्वल्प मोबदल्यात मिळाली. म्हणजे मक्तेदारीला कायद्याने लगाम घातला आणि त्यातून ज्ञानाचे एक सामायिक कुरण तयार झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी तिच्यात भर घातली आणि अमेरिकन सरकारच्या संरक्षण-संशोधन खात्याने त्याला पैसा पुरविला. टपाल वाहणारी ‘सेंडमेल’ ही प्रणाली एरिक ऑलमन यांनी बर्कलीतच रचली. आज बाजाराचे कर्तृत्व म्हणून जे मिरविले जाते, त्याच्या पायात करदात्याचा पैसा आणि विद्यापीठांतील श्रम गाडलेले आहेत.

या बर्कली घराण्याचा एक वारस ओपनबीएसडी हा आहे. थिओ दि राट यांनी कॅनडातील कॅलगरी शहरातून ऑक्टोबर १९९५ मध्ये तो सुरू केला. जगभरचे मोजके कार्यकर्ते त्याचा शब्दन्‌शब्द तपासतात, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात आणि ती कोणालाही मोफत देतात. २००१ मध्ये या मंडळींपुढे पेच उभा राहिला. बाहेरून येणारी रहदारी अडविणारी जी फायरवॉल ते वापरीत होते, तिच्यात फेरफार करण्याचे स्वातंत्र्य नाही, असे तिच्या लेखकाने जाहीर केले. तडजोड न करता त्यांनी ती काढून टाकली. डॅनियल हार्टमायर या स्विस कार्यकर्त्याने काही महिन्यांत ‘पीएफ’ ही नवी फायरवॉल लिहिली आणि डिसेंबर २००१ च्या आवृत्तीत ती सर्वांच्या हाती आली. स्वातंत्र्याची अट मोडली म्हणून तयार वस्तू नाकारायची आणि कष्ट करून दुसरी घडवायची, हा स्वावलंबनाचा धडा चळवळीच्या माणसाला परका वाटू नये.

ही फायरवॉल म्हणजे टपालघराच्या दारावरचा पहारेकरी होय. तिची नियमावली एका साध्या मजकुरात लिहिलेली असते. सामान्यतः पहिल्याच ओळीत सर्वांना मज्जाव केला जातो आणि पुढच्या ओळींत ज्यांना आत सोडायचे त्यांची नोंद होते. बाहेरची पत्रे २५ क्रमांकाच्या दाराने येतील, आपली माणसे ५८७ क्रमांकाने पत्रे पाठवतील, ९९३ क्रमांकाने आपली पेटी उघडतील, बाकीची दारे बंद. नियम वरून खाली वाचले जातात आणि शेवटी लागू पडणारा नियम निर्णायक ठरतो. विशेष म्हणजे ही नियमावली संस्थेचा कोणताही सुशिक्षित सभासद वाचू शकतो आणि सभेत तिच्याविषयी प्रश्न विचारू शकतो. फुकट सेवा देणाऱ्या कंपनीचे नियम वाचण्याची सोय कोणत्या वार्षिक सभेत आहे?

या प्रणालीतील आणखी एका युक्तीमागचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. नकोशा जाहिरातींचा उपद्रव ई-मेलच्या बालपणापासूनचा आहे. एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने १९७८ मध्येच सुमारे चारशे जणांना असे पत्र धाडले होते. कारण उघड आहे. एक पत्र पाठविले काय किंवा एक लाख पाठविली काय, पाठविणाऱ्याचा खर्च जवळजवळ तोच राहतो. झळ सोसावी लागते ती घेणाऱ्याला. ओपनबीएसडीच्या ‘स्पॅमडी’ने हा भार उलटा फिरविला. अनोळखी पाठविणाऱ्याला ती ‘जरा वेळाने या’ असे सांगते. खरे टपालघर ठरावीक वेळाने पुन्हा येते. लाखोंच्या घाईत असलेला जाहिरातबाज बहुधा येत नाही. २५ मिनिटांनंतर आणि चार तासांच्या आत जो परत येईल त्याला आत घेतले जाते आणि पुढे ३६ दिवस त्याची ओळख लक्षात ठेवली जाते. काळ्या यादीतील उपद्रव्याशी ती एकेका सेकंदाला एकेक अक्षर बोलते आणि त्याचा वेळ खर्ची पाडते. ज्याने खर्च निर्माण केला त्याच्याच पदरात तो टाकण्याचे हे तत्त्व नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यालाही लावता आले असते तर किती बरे झाले असते!

मग रस्ता सार्वजनिक, हत्यारे मोफत, तरी टपाल मूठभर कंपन्यांकडे का गोळा झाले? त्याचे एक कारण जाहिरातबाजांच्या उपद्रवातच सापडते. हा उपद्रव वाढला तशी प्रत्येक टपालघराची पत पाहण्याची पद्धत रूढ झाली. ज्याच्याकडे कोट्यवधी पेट्या, त्याने दिलेले पतप्रमाणपत्र निर्णायक ठरले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पाठविणाऱ्यांसाठी ओळखीच्या पुराव्याचे नियम कडक केले आणि दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांवर जादा अटी घातल्या. या अटी गैरवाजवी आहेत असे म्हणता येणार नाही. फसवेगिरी रोखण्यासाठी त्यांतील बहुतेक आवश्यकच आहेत. परंतु हे नियम कोणा सार्वजनिक मंडळाने केलेले नाहीत. नव्याने उघडलेल्या लहान टपालघराने सर्व अटी पाळूनही त्याची पत्रे बड्यांच्या दारी कचऱ्याच्या पेटीत पडू शकतात आणि दाद मागण्यास पंच नसतो. कायद्याने न दिलेली मक्तेदारी अशी पतीच्या मार्गाने येते. सावकारीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

दुसरे कारण अधिक अप्रिय आहे. सामायिक कुरणाची राखण करण्यास कोणी पैसा देत नाही. ओपनबीएसडीला एका विद्यापीठामार्फत अमेरिकन संरक्षण खात्याच्या सुमारे २३ लाख डॉलरच्या अनुदानाचा आधार होता. २००३ मध्ये इराक युद्धाविरुद्ध दि राट यांचे उद्गार वृत्तपत्रात छापून आले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते अनुदान थांबले. जानेवारी २०१४ मध्ये वर्षाचे सुमारे २०,००० डॉलरचे वीजबिल भरण्यासाठी या प्रकल्पाला जाहीर आवाहन करावे लागले. याच मंडळींनी १९९९ मध्ये दिलेली ओपनएसएसएच ही सुरक्षित संपर्काची प्रणाली त्या वेळी जगातील असंख्य कंपन्यांचे सर्व्हर राखीत होती, आणि त्यांची फायरवॉल अ‍ॅपलच्या संगणकांतही गेली होती. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल आदी कंपन्यांनी प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाला देणग्या दिल्या हे खरे. पण ज्याच्यावर उद्योगाचा डोलारा उभा आहे त्याचे पोषण धनिकांच्या दानावर सोडणे, ही काही व्यवस्था नव्हे.

या संदर्भात सरकारांकडून दोन तऱ्हेची उत्तरे आलेली दिसतात. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या शासनाच्या ४० हजारांवर टपालपेट्या मायक्रोसॉफ्टकडून काढून खुल्या प्रणालीवर आणल्या. भारत सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेले. परदेशी कंपनीपेक्षा देशी कंपनी बरी, असे म्हणून अनेकांनी समाधान मानले. स्वदेशीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि मालकाचा पासपोर्ट बदलल्याने मालकी सार्वजनिक होत नाही. प्रणाली खुली असेल तर एक ठेकेदार सोडून दुसरा गाठता येतो. ती बंद असेल तर ठेकेदार देशी असूनही ग्राहक बांधलेलाच राहतो.

आता संघटनांनी काय करावे? उद्या प्रत्येकाने आपल्या कचेरीत सर्व्हर मांडावा, असा उपदेश करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. टपालघर चालविणे हे रोजचे काम आहे. नोंदवह्या वाचाव्या लागतात, दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या लागतात, राखीव प्रती तपासाव्या लागतात. ओपनबीएसडीच्याच ओपनएसएमटीपीडी या टपालवाहक प्रणालीत जानेवारी २०२० मध्ये असे छिद्र सापडले की, त्यातून परका माणूस दुरून संपूर्ण सर्व्हरचा ताबा घेऊ शकला असता. दुरुस्ती तत्काळ निघाली. पण ती ज्याने बसविली नाही त्याला प्रणालीच्या कीर्तीचा काय उपयोग? शिवाय एका उत्साही तरुणाच्या भरवशावर उभारलेले टपालघर तो नोकरीनिमित्त परगावी गेला की बंद पडते.

म्हणून पायऱ्या लहान असाव्यात, पण क्रमाने चढाव्यात. पहिली पायरी म्हणजे स्वतःचे डोमेन, अर्थात स्वतःच्या नावाचा पत्ता. तो संस्थेच्या नावावर नोंदलेला असावा, सचिवाच्या खाजगी नावावर नसावा. पत्ता आपला असला की टपाल वाहणारा बदलता येतो आणि सभासदांना नवा पत्ता कळवावा लागत नाही. दुसरी पायरी, जुन्या पत्रव्यवहाराची पूर्ण प्रत नियमितपणे आपल्या ताब्यात ठेवणे. तिसरी पायरी सहकाराची आहे. एका जिल्ह्यातील आठ-दहा संघटना, ग्रंथालये व पतपेढ्या मिळून एक टपालघर चालवू शकतात. त्यासाठी किमान दोन माणसे तयार करावीत, त्यांना रीतसर वेतन द्यावे आणि फायरवॉलची नियमावली व खर्चाचा हिशेब वर्षातून एकदा सभेपुढे ठेवावा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी मिळून सहकारी कारखाना उभा केला, तेव्हाही शेतकऱ्याला यंत्र झेपेल का, हीच शंका घेतली गेली होती. यंत्र झेपले. पुढे अनेक कारखान्यांत जे बिघडले ते यंत्र नव्हते, सभासदांनी प्रश्न विचारणे सोडले हे त्याचे कारण होते. टपालघराच्या सहकारातही तोच धोका आहे आणि त्यावरचा उपायही तोच आहे.

चौथी मागणी शासनाकडे आहे. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे व बँका या खुल्या प्रणालींवर दररोज विसंबून असतात. रस्त्याच्या डागडुजीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होते, तशीच या प्रणालींच्या तपासणीसाठी व त्यांवर काम करणाऱ्या तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी व्हावी. ही रक्कम एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

संघटनेची ताकद तिच्या सभासदांच्या परस्परसंपर्कात असते. तो संपर्क तोडण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असताना सभासद-संख्येचे आकडे कागदावरच राहतात. पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेत एवढा एक विषय जरूर असावा: आपला पत्ता कोणाच्या नावावर आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे?