आखाड पार्टीला कोणती बाटली? गणित कुठे बदललं?

परभणीत हळदीची रात्र असो की आखाडात मळ्यावर शिजणारं मटण, ‘काय आणायचं?’ हे माणूस बघून ठरतं. व्याह्यांना व्हिस्की, पोरांना बिअर, वाजंत्र्यांना देशी. ही उतरंड कुणी बोलून दाखवत नाही, पण मोडतही नाही.

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने तिचा हिशेब बदलला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती मूल्याच्या 3 पटींवरून 4.5 पट झालं. 180 मिलीची किमान किंमत ठरली 205 रुपये, देशीची 80. मधे 148 रुपयांचं, धान्यापासून बनणारं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ आलं. व्हिस्की परवडत नाही आणि देशी ठेवायला लाज वाटते, अशा यजमानासाठी सरकारनेच मधली पायरी बांधली म्हणा ना! बिअर आणि वाईन या वाढीतून सुटल्या.

वयाची अट मात्र जुनीच आहे. बिअर-वाईनला 21, बाकीला 25. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशीसाठी 5 रुपयांना, देशीसाठी 2 रुपयांना मिळतो. वरातीत तो कुणाच्या खिशात असतो?